लिंबाजीचा डावा कान

दिव्यात तेल घातलंय, वात पुढं सारलीय. आता हात पुसून नीट बसा. मोठ्यांनी ऐकावं, लहानांनी ऐकावं, आणि आपल्याला कुणी फसवूच शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा पुढं सरकून ऐकावं.

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत निंबखोरे नावाचं गाव होतं. गावाच्या वर निंबजाईचं देऊळ, देवळापुढं म्हातारा कडुनिंब, आणि गावाच्या खाली नदीकाठच्या मातीत खणलेली पेवं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. निंबखोऱ्यात हळद पिकायची, ती पेवात भरायची आणि तोंडावर मोठा दगड सारायचा. पेवात उतरलेला माणूस बाहेर आला की पिवळाधमक होऊन यायचा. ही हळद ध्यानात ठेवा, पुढं ती आपल्याला दगा देणार आहे.

त्या गावात सकवार नावाची बाई राहायची. मोठी भाविक. शुक्रवार तिचा, सोमवार तिचा, चतुर्थी तिची. शेजारणीचं पोर तापानं फणफणलं तरी उपास धरायची सकवार. देवानं तिला सगळं दिलं होतं. दारात तुळस दिली, गोठ्यात दुभती म्हैस दिली, मांडीवर कौतिक नावाची गोड लेक दिली. आणि एवढं दिल्यावर देवाला वाटलं असेल, हिला थोडा उद्योगही द्यावा, म्हणून नवरा दिला लिंबाजी.

लिंबाजी बहुरूपी होता. सोंगं घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांच्या घराण्यातला. सकवारचा बाप म्हणाला, "पोरगी देतो, पन बिऱ्हाड हितंच कर." लिंबाजी थांबला. त्याचे पाय थांबले, सोंगं काही थांबली नाहीत. आधी दहा गावांत वाटली जाणारी सोंगं आता एकट्या निंबखोऱ्याच्या वाट्याला आली.

एकदा तो अमलदार होऊन आला. हैबती पाटलानं उठून आपलं घोंगडं बसायला दिलं, तांब्याभर दूध दिलं, गावच्या अडचणी सांगून डोळे पुसले. अमलदारानं दूध संपवलं, मिशा पुसल्या आणि डावा कान पुढं केला. एकदा तर तो देवळातला गुरव झाला. पहाटे पूजा करून मोकळा झाला. खरा गुरव आंघोळ करून आला तेव्हा लोक त्यालाच म्हणाले, "लिंबा, पुरं आता, देवाच्या दारात तरी थट्टा नको." बिचाऱ्या गुरवाला आपण आपणच आहोत हे पटवताना दुपार झाली.

आता हे डाव्या कानाचं काय, ते सांगते. लिंबाजीच्या गुरूनं त्याला विद्या देताना एक नेम घालून दिला होता. "सोंग असं घे, की जन्म दिलेली आई फसली पायजे. पन एक खूण उघडी ठेव. बघणाऱ्याला बघायची वाट ठेवायची. वाट बुजवलीस, तर तू बहुरूपी न्हाईस, चोर हाईस." असं म्हणून गुरूनं त्याचा उजवा कान टोचला आणि डावा तसाच ठेवला. तेव्हापासून लिंबाजी राजा होवो, राणी होवो, साधू होवो, उजव्या कानात डूल हलायचं आणि डावा कान रिकामा. फसलेला माणूस चिडला की तो हसून एवढंच म्हणायचा, "कान बघायचा ना!"

गावाला मग सवयच लागली. पाहुणा आला की तोंड मागून, आधी कान. नवा जावई पहिल्यांदा सासरी आला, तर मेव्हण्यांनी त्याचा डावा कान ओढून बघितला. निंबखोऱ्याची मुलगी करायची म्हणजे कान घट्ट पाहिजेत, अशी आसपासच्या गावांत म्हणच पडली होती, असं म्हणतात.

सगळं गाव हसायचं. पण बहुरूप्याशी संसार सकवारला करायचा होता. एका शुक्रवारी तिच्या व्रताचं उद्यापन होतं. सवाष्ण जेवायला घालायची, आणि सांगितलेली सवाष्ण ऐन वेळी माहेरी निघून गेली. सकवार दारात रडकुंडीला येऊन उभी. तेवढ्यात वाटेनं एक बाई आली. हिरवं लुगडं, नाकापर्यंत पदर, हातभर चुडा.

"बाय, लांबून आले गं. घोटभर पानी मिळंल का?"

सकवारला वाटलं, देवीच धावून आली. तिनं बाईचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली, पुरणपोळी वाढली. बाई लाजत लाजत जेवली, पण अशी जेवली की पुरणाच्या पातेल्याचा तळ दिसला. उठताना तिनं सकवारच्या डोक्यावर हात ठेवला.

"अखंड सौभाग्यवती हो. दारात हत्ती झुलू देत. आन् नवऱ्याला शिळी भाकर घालत जाऊ नको गं, बिचारा वाळलाय."

सकवारनं झटकन मान वर केली. पदराआडून डावा कान दिसला. रिकामा.

"अवं कौतिकाचे बाप!" सकवार किंचाळली. "सवाष्णीच्या पानावर नवरा जेवला! माझं वरत बुडवलंत! आन् वर हळदकुंकू लावून घेतलंत!"

"कान बघायचा ना," लिंबाजी म्हणाला, आणि उठून पळाला. तोंडाशी आलेली शिवी सकवारनं उपास म्हणून गिळली, पण उलथणं खाली ठेवायचा काही नेम नव्हता. पुढं काष्टा आवरत हिरव्या लुगड्यातली सवाष्ण, मागं उलथणं घेतलेली सकवार, अशी मिरवणूक पार वेशीपर्यंत गेली.

त्या संध्याकाळी सकवारनं निंबजाईपुढं पदर पसरला. "आई, काय वाट्टेल ते कर, पन या माणसाची सोंगं सोडव. सुटत न्हाईत तोवर मी गोड खाणार न्हाई." आणि खरंच, तिनं गूळ सोडला, साखर सोडली. पुरणाची पोळी लाटून दुसऱ्यांना वाढायची आणि आपण कोरडी भाकरी खायची.

देवी ऐकते. कधीकधी जरा जास्तच ऐकते. सुगीच्या दिवसांत लिंबाजी वाघ झाला आणि खळ्यावर गुरगुरला. वाघाच्या डाव्या कानाला टोक नव्हतं, पण वाघाचा कान बघत कोण उभं राहतंय! पाटलीणबाई घाबरून धावल्या, कठड्यावरून पडल्या आणि त्यांचा हात मोडला. लिंबाजीनं वाघाचं कातडं फेकलं, पाटलीणबाईंना पाठीवर घेतलं आणि रडत रडत हाडवैद्याच्या दारात नेलं. पण गाव हसलं नाही. हैबती पाटील म्हणाला, "लिंबा, शेताला मेर असती, तशी थट्टेलाबी असती. तू मेर ओलांडलीस."

मग निंबजाईच्या देवळात लिंबाजीनं बेलभंडार उचलून शपथ घेतली. यापुढं सोंग घेणार नाही.

सकवारचा नवस फळला. तिनं खीर केली, देवीला दाखवली आणि ताट घेऊन बसली. पहिला घास गोड लागला. दुसरा लागला नाही. कारण समोर लिंबाजी बसला होता, आणि तो नुसता बसला होता. बोलेना, हसेना. म्हैस पाण्यावर न्यायचा, परत आणायचा. भाकरी शिळी वाढली तरी खायचा, ताजी वाढली तरी तशीच खायचा. सकवारनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या शुक्रवारी ती देवळात जाऊन म्हणाली, "आई, मी सोंगं सोडव म्हनलं होतं. हसू सोडव कुठं म्हनलं होतं? तुला नीट सांगायचं तरी किती!"

देवी गप्प राहिली. देवीचं तसंच असतं.

त्याच वर्षी गुरांवर बुळकांडीचा रोग आला. सकाळी दावणीला उभं असलेलं जनावर संध्याकाळी आडवं व्हायचं. गोठे रिकामे होत चालले. सकवारची म्हैस गेली. गुरव रोज देवीला कौल लावायचा, कौल मिळायचा नाही. गाव असं घाबरलेलं असतं ना, तेव्हा त्याला दार नसतं. कुणीही आत येतं.

तसा एक बुवा आला. कमरेपर्यंत जटा, अंगभर भस्म, मागं दोन चेले. कडुनिंबाखाली व्याघ्राजिन अंथरून बसला आणि म्हणाला, "देवी रुसली आहे. तिला या गावातली एक कुमारिका सेवेला पाहिजे. ती मी डोंगरापलीकडं मूळपीठाला घेऊन जाईन. रोग तिच्या पावलांमागं निघून जाईल."

"आन् पोर परत कवा येनार?" कुणीतरी विचारलं.

"देवीच्या घरी गेलेलं कोण परत मागतं?" बुवा म्हणाला, आणि विचारणारा शरमला.

गावातल्या मुली ओळीनं बसवल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर लिंबू धरायचं आणि सुरीनं कापायचं. जिच्या डोक्यावर लिंबातून रक्त येईल ती देवीची. एक लिंबू कापलं, पाणी आलं. दुसरं कापलं, पाणी आलं. बुवानं गावाची चौकशी आधीच करून ठेवली होती. कोणाचं घर भरलेलं, कोणाच्या पाठीशी भाऊबंद, आणि असं कोण आहे की ज्याचा शब्द गावात कुणी खरा मानत नाही. तो कौतिकपाशी आला. झोळीत हात घातला, लिंबू धरलं, कापलं. लाल धार पोरीच्या कपाळावरून ओघळली.

बायका हुंदका देऊन मागं सरल्या. सकवारनं पोरीला उराशी धरलं. आणि लिंबाजी गर्दीतून पुढं आला.

"सुरी बदलली यानं! झोळीत दुसरी हाय. पात्याला जास्वंद चोळलीया. जास्वंदीचा रस आन् लिंबू, दुसरं काय न्हाई. पाटील, हे सोंग हाय. माझ्या बापजाद्याचा धंदा हाय हा, मला कळतं!"

पाटील त्याच्याकडं बघत राहिला. हाच माणूस अमलदार होऊन त्याचं दूध पिऊन गेला होता. हाच वाघ झाला होता.

"लिंबा," पाटील म्हणाला, "सोंगाला खूण असती, हे आमाला तूच शिकवलंस ना?"

"व्हय."

"मग या बुवाची खूण दाव."

सगळं गाव बुवाच्या कानांकडं बघायला लागलं. उजव्या कानात तांब्याचं कुंडल. डाव्या कानात तांब्याचं कुंडल. दोन्ही भरलेले.

"खूण न्हाई," गुरव म्हणाला. "म्हंजे खरा."

"अरे, ती खूण माझी हाय!" लिंबाजी ओरडला. "ज्याला लुटायचंय तो कशाला खूण ठेवील? खूण न्हाई म्हनून तर तो चोर!" पण ज्या गावानं इतकी वर्षं कानच बघितला, त्याला जटा ओढून बघायचं सुचलं नाही. भस्म पुसून बघायचं सुचलं नाही. एवढ्या साऱ्या माणसांत एकालाही नाही! लिंबाजी बुवाच्या अंगावर धावला, तेव्हा चार गड्यांनी त्याला धरलं आणि दुसऱ्या दिवशी पोर न्यायचा विधी होईपर्यंत एका रिकाम्या पेवात उतरवून वर दगड सारला.

आता सकवारचं ऐका. ती भाविक बाई. समोर देवीच्या नावानं मागणारा बसलेला. खरं सांगायचं, तर क्षणभर तिचंही मन डगमगलं होतं. देवीनं मागितलं असेल तर? आपण खीर खाल्ली, ती चुकली असेल तर? ती कौतिकला कडेवर घेऊन पेवापाशी गेली. दगडाच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बोला. खरंच सोंग हाय?"

आतून आवाज आला, "हात पुरत न्हाई गं. पन तिच्या डोक्याची शपथ, सोंग हाय. आन् मी काय करू? बेलभंडार उचललाय तुझ्या देवीपुढं."

सकवार तिथून उठली ती तडक देवळात गेली. ओटी नाही, फूल नाही, हात रिकामे, पदर कमरेला खोचलेला. असं निंबजाईच्या पुढं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं, असं म्हणतात.

"आई, तुझे किती शुक्रवार केले ते तूच सांग, मी मोजले न्हाईत. कधी मागितलं? एकदा मागितलं, आन् तेबी उलटंच मागितलं. मला काय ठावं, खोट्याला ओळखायला घरात एक खोटं पाळावं लागतं! माझा नवस परत घे. त्यांची शपथ परत दे. त्यांची सोंगं मला परत पायजेत. आन् तुला जर खरंच माझी पोर पायजे आसंल, तर माझ्या दारात येऊन तुझ्या तोंडानं माग. या जटावाल्याच्या तोंडानं मागू नको. मला तुझी लाज वाटंल."

एवढं बोलून ती घाबरली, आणि हात जोडून रडली. मग परत पेवापाशी आली आणि फटीतून म्हणाली, "मी शपथ परत घेतली. काय व्हायचं ते माझ्या माथी." आतून काहीच उत्तर आलं नाही. दगड सकवारच्या एकटीच्यानं हलेना. पाटलाच्या गड्यांनी तिला घरी लावून दिलं. घरी येऊन तिनं सोंगांची पेटी उघडली, हिरव्या लुगड्यावरून हात फिरवला आणि पेटी तशीच उघडी ठेवली. का, ते तिलाही कळलं नाही. आशा असते बाईला. दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी ऊन वर चढलं तशी सारी गर्दी देवळापुढं जमली. कौतिक पिवळ्या वस्त्रात पाटावर बसली होती आणि आईकडं बघत होती. रडत नव्हती. पोरीला वाटत होतं, बाप कुठूनतरी येईल आणि म्हणेल, कान बघायचा ना.

बुवानं शेवटचा मंत्र म्हटला. चेल्यानं पोरीचा दंड धरला. आणि तेव्हा कडुनिंबाच्या मागून ती आली.

हिरवं लुगडं. मोकळे केस. कपाळभर मळवट. हळदीनं माखलेले हात-पाय. ती चालत आली तेव्हा पाचोळा वाजला नाही, असं म्हणतात. दावणीची आजारी गुरं उठून उभी राहिली, असंही म्हणतात. लोक धडाधड जमिनीवर पडले.

बुवानं वर बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यभर देवीच्या नावानं खाल्लं होतं त्यानं, पण ती कधी समोर येईल अशी तयारी ठेवली नव्हती.

ती बुवाशी बोललीच नाही. तिनं त्याच्या झोळीत हात घातला आणि दुसरी सुरी काढली. ताटातलं लिंबू घेतलं, गुरवाच्या टकलावर धरलं, कापलं. लाल धार. दुसरं लिंबू पाटलाच्या पागोट्यावर धरलं, कापलं. लाल धार. तिसरं बुवाच्या जटांवर धरलं, कापलं. लाल धार. मग ती बोलली. आवाज बाईचा की पुरुषाचा, यावर निंबखोऱ्यात अजून वाद होतो.

"हा माझा. हाबी माझा. तूबी माझाच मेल्या. सगळेच माझे. कुनाकुनाला नेतोस?"

बुवा ओरडला आणि पळाला. चेले त्याच्याही पुढं पळाले. पळताना त्याच्या जटा कडुनिंबाच्या खालच्या फांदीत अडकल्या आणि तिथंच लोंबत राहिल्या. खाली पळत होतं ते एक गुळगुळीत डोकं. गाव त्या लोंबत्या जटांकडं बघत राहिलं, आणि मग एकमेकांकडं बघायची त्याला सोय उरली नाही.

तिनं कौतिकला उचललं आणि सकवारच्या हातात दिलं. सकवार डोळे पुसत हसली. मनात म्हणाली, निघालात का पेवातून? आता उलथण्यानं नाही, ओवाळून घेईन. आणि सवयीनं तिनं डावा कान बघितला.

कानात सोन्याचं डूल होतं. उजव्या कानात होतं तसंच.

लिंबाजीचा डावा कान टोचलेलाच नव्हता. सकवारनं पोरीला घट्ट धरलं, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा कडुनिंबाखाली कुणी नव्हतं.

लोक धावत पेवाकडं गेले. दगड होता तसाच होता. चार गड्यांनी तो सारला. आत लिंबाजी भिंतीला टेकून गाढ झोपला होता. हात पिवळे, पाय पिवळे, तोंड पिवळं. पण ते पेव हळदीचं. तिथं मांजर पडलं असतं तरी पिवळं होऊन निघालं असतं. घरी पेटीतलं हिरवं लुगडं घडी घातलेलं होतं, पण घडी सकवारचीच की दुसऱ्या कुणाची, ते तिला आठवेना. जुन्या पेवांना आतून एकमेकांत जायला बिळं पडलेली असतात, असं काही म्हणतात. मेणानं डूल कानाला चिकटवता येतं, असंही काही म्हणतात. काही म्हणतात, गप्प बसा आणि हात जोडा.

सकवारनं लिंबाजीला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "खरं सांगा. तुमी होता?"

लिंबाजी हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "कान बघायचा ना."

"बघितला!" सकवार म्हणाली. "म्हनून तर इचारते!"

"काय होतं कानात?"

तिनं सांगितलं. लिंबाजीचं हसू हळूहळू विरलं. तो देवळाच्या दिशेनं तोंड करून बसला. आणि सकवार त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, पण इतक्या वर्षांच्या संसारातही तिला ओळखता येईना, की हा चेहरा खरा आहे की हेही सोंगच.

रोग ओसरला. पाटलानं भर चावडीत लिंबाजीच्या पायांवर पागोटं ठेवलं आणि गावानं आपण होऊन त्याची सोंगं परत मागितली. मेर मात्र त्यानं पुन्हा ओलांडली नाही. बेलभंडार मोडल्याचं काही अरिष्टही आलं नाही. म्हणजे शपथ मोडलीच नव्हती, की देवीनं परत दिली होती? सकवारनं विचारणं सोडलं नाही. भाकरी वाढताना विचारायची, कौतिकच्या लग्नात अक्षता टाकताना विचारलं, नातवंडं मांडीवर घेऊन विचारलं. तो कधी म्हणायचा, "मीच होतो गं." कधी म्हणायचा, "मी झोपलो होतो." एकदा तर गंभीर तोंडानं म्हणाला, "मला वाटलं, तूच होतीस." सकवार कपाळाला हात लावायची आणि उठून जायची.

पुढं लिंबाजी म्हातारा झाला आणि त्याचा शेवट जवळ आला. सगळे भोवती बसले होते. सकवार म्हणाली, "आता तरी सांगा. इतके उपास केले मी, एवढं तरी पुण्य माझ्या पदरात घाला."

लिंबाजीनं खुणेनं तिला जवळ बोलावलं. ती वाकली. आणखी जवळ ये, म्हणून त्यानं बोट हलवलं. तिनं आपला डावा कान त्याच्या ओठांशी नेला. सगळे श्वास धरून बसले. आणि लिंबाजीनं तिच्या कानात हळूच फुंकर मारली, लहान पोरांना हसवायला मारतात ना, तशी. आणि गेला.

सकवार रडली. रडता रडता चिडली. चिडता चिडता हसली. "बघा गं, बघा," ती बायकांना म्हणाली, "जातानासुदिक!"

निंबखोऱ्यात आजही नवरात्रातल्या शुक्रवारी सवाष्णी जेवायला बसतात, तेव्हा एक पान लिंबाजीचं मांडतात. गावातला कुणीतरी बाप्या हिरवं लुगडं नेसून, नाकापर्यंत पदर ओढून त्या पानावर बसतो. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी दाखवत नाही. बायका त्याचे पाय धुतात, ओटी भरतात, आणि तो उठताना आशीर्वाद देतो, की नवऱ्याला शिळी भाकर घालू नका. मग उलथणी निघतात आणि गाव वेशीपर्यंत धावतं.

कुणी नवखा गोड बोलत गावात आला, औषध विकायला, स्थळ सांगायला, नाहीतर स्वर्ग दाखवायला, तर म्हाताऱ्या त्याला ओसरीवर बसवून पाणी देतात आणि पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात. काहीच खोट दिसली नाही, तर सुनांना आत जाऊन सांगतात, "बिनखुणेचा हाय गं. पानी द्या, पोर देऊ नका."

आणि नवरात्रात निंबजाईला सगळे दागिने चढवतात, पण डावा कान रिकामा ठेवतात. त्या दिवशी आलेली ती लिंबाजी असेल तर त्याची खूण राहावी. ती देवी असेल तर तिचं तिनं घालावं. देऊळ बंद होतं. आणि एखाद्या वर्षी सकाळी गुरव दार उघडतो, तर डाव्या कानात डूल लखलखत असतं.

गुरव वैतागून बाहेर येतो. "कुनी घातलं? खरं सांगा, कुनी घातलं?"

"मी न्हाई बाई," एक म्हणते. "मीबी न्हाई," दुसरी म्हणते. पदर तोंडाला लावून सगळ्या हसतात, आणि हसता हसता हात जोडतात.

खरं कुणीच सांगत नाही. ती जी कुणी असेल, तिची माया सकवारवर झाली, तशी तुमच्यावर होवो, माझ्यावर होवो, आणि फसलेल्या साऱ्यांवर होवो.